हाकेला येणारे कुत्रे आणि दहा मीटरची दोरी : लेपाचा पट्टा, नायलॉन आणि कासरा यांचे परीक्षण

कुत्रे मोकळे सोडल्यावर हाकेसरशी परत यावे, यासाठी बाजारात जी साधने विकली जातात, त्यांत लांब दोरी हे सर्वांत साधे आणि माझ्या मते फार उपयोगी साधन आहे. विक्रेते मात्र तिचे वर्णन असे करतात की, कुत्रे आले नाही तर दोरीने ओढून आणायचे असते, असा घेणाऱ्याचा समज व्हावा. या समजुतीने घेतलेली दोरी कितीही महाग असली तरी वाया जाते. हाक मारल्यावर कुत्र्याने दुर्लक्ष केले आणि तरीही शेळ्यांमागे धावण्याची मजा त्याला मिळाली, तर न येण्यात फायदा असतो हे ते त्याच वेळी शिकते. तो फायदा त्याला मिळू न देणे, एवढेच दोरीचे काम आहे. या कामासाठी मी तीन प्रकार वापरून पाहिले : ऑनलाइन मागवलेला प्लास्टिकच्या लेपाचा पट्टा, जळगावच्या एका दुकानातला नायलॉनचा पट्टा आणि आठवडे बाजारातला सुती कासरा, म्हणजे बैलांना लावतात ती दोरी. कंपन्यांची नावे मी दिलेली नाहीत, कारण एकाच प्रकारातल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तूंत फरक थोडा असतो आणि खरा फरक प्रकारांमध्ये आहे.

परीक्षण कोणत्या परिस्थितीत केले, हे आधी सांगणे आवश्यक आहे. आमची चिंगी ही गावठी जातीची, साधारण अठरा किलो वजनाची तरुण मादी आहे. घर जळगावात आहे आणि शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला. शेताच्या एका अंगाला केळी आहे, दुसऱ्या अंगाला कापूस, आणि रब्बीचे पीक निघाल्यावर मधले वावर मोकळे असते. या भागात कुत्र्याचे हाकेला येणे ही हौसेची बाब नाही. रोही (नीलगाई) आणि रानडुकरे पिकात शिरतात, त्यांच्यामागे कुत्रे बेभान होऊन धावते, आणि डुकरांसाठी कोणी बांधाला वीजप्रवाहाची तार लावून ठेवली असेल तर ती कुत्र्याला दिसत नाही. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी आहेत. बिबट्याच्या खाण्यात कुत्रे हमखास असते आणि केळीच्या दाट बागेत बिबट्याला लपायला भरपूर जागा मिळते. त्यामुळे दहापैकी आठ वेळा येणारे कुत्रे इथे पुरेसे नाही.

प्रथम लेपाच्या पट्ट्याविषयी. आत पॉलिएस्टरची विणलेली पट्टी आणि वर प्लास्टिकचा जाड लेप, अशी याची रचना असते. परदेशी श्वानपालकांत हा प्रकार बायोथेन या व्यापारी नावाने ओळखला जातो आणि तशाच धर्तीचे पट्टे आता भारतातही मिळतात. दहा मीटर लांबीच्या पट्ट्याला मला दीड हजारांहून अधिक रुपये मोजावे लागले. आमचे सालदार (सालाने ठेवलेले शेतगडी) नाना यांनी तो पाहताच, “कासरा बांध ना, इतला पैसा कसाले?” असे विचारले, आणि उन्हाळ्यापुरता त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पाऊस पडल्यावर मात्र त्याचे उत्तर मिळाले. काळ्या मातीत ओढत नेलेली कोणतीही कापडी दोरी पहिल्याच सरीनंतर चिखल पिऊन जड होते, त्या वजनामुळे कुत्र्याला आपण बांधलेलो आहोत हे सतत जाणवत राहते आणि सरावाचा अर्धा हेतू तिथेच संपतो. लेपाचा पट्टा पाणी शोषत नाही, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ होतो आणि त्याला वास येत नाही. सराटे आणि कुसळे त्याला चिकटत नाहीत. केळीचा चीक कापडावर पडला की तपकिरी डाग कायमचा राहतो, तोही या पट्ट्यावरून निघतो. गुळगुळीत असल्यामुळे कापसाच्या पऱ्हाट्यांत तो इतर दोऱ्यांपेक्षा कमी अडकतो.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. ओला झाल्यावर तो हातातून सटकतो, त्यामुळे पावसाळ्यात रबरी ठिपक्यांचे हातमोजे घालावेच लागतात. त्याची रुंदी निवडताना विक्रेत्याच्या तक्त्यावर विसंबू नये; अठरा-वीस किलोच्या कुत्र्याला तेरा मिलिमीटर रुंदी पुरते, आणि त्याहून रुंद पट्टा दहा मीटर लांबीत विनाकारण जड होतो. माझ्या पट्ट्याबरोबर आलेला हूक पितळी रंगाचा होता, पितळेचा नव्हता. काही दिवसांतच त्याची खिटी अडकू लागली, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून भरीव पितळेचा हूक आणून बसवावा लागला. दीड हजारांहून अधिक किमतीच्या वस्तूत, ज्याच्यावर सगळा भार येतो तोच भाग हलका असणे, ही मला या पट्ट्यातली सर्वांत मोठी उणीव वाटली. खरेदी करताना पट्ट्याच्या रंगापेक्षा हुकाचे छायाचित्र मोठे करून पाहावे आणि हूक शिवणीने जोडला आहे की रिव्हेटने, हेही पाहावे. लेप जाड असेल तर रिव्हेट अधिक काळ टिकते.

नायलॉनच्या पट्ट्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो स्वस्त आहे, हलका आहे आणि कोणत्याही पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. कुत्रे वेगात धावले आणि पट्टा मुठीतून सरकला, तर तळहाताची साल निघते. चिखलात तो भिजतो आणि सराट्यांनी भरतो. शहरातल्या मोकळ्या मैदानावर, कोरड्या दिवसांत आणि हातमोजे घालून वापरायचा असेल तर चालेल. बटण दाबून लांब-आखूड होणारी, डबीत गुंडाळली जाणारी दोरी मात्र या कामासाठी मुळीच घेऊ नये, कारण ती सतत थोडी ताणलेली असते, आणि दोरी ओढली की पुढे जाता येते हेच कुत्रे तिच्यातून शिकत राहते.

कासऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पोळ्याच्या आधीच्या बाजारात दोरखंडांची दुकाने भरलेली असतात आणि तेव्हा निवडीला वाव असतो. एरवी बहुतेक ठिकाणी रंगीत प्लास्टिकच्या धाग्याचा कासरा पुढे केला जातो, जो हाताला करकचतो आणि उन्हाने काही महिन्यांत भुसभुशीत होतो. मुद्दाम मागून सुती कासरा घ्यावा. त्याच्यासारखी हाताला सुखावह दोरी मला दुसरी मिळाली नाही. कुत्र्याने झेप घेतली तरी तो मुठीत भाजत नाही, गाठ पक्की बसते, आणि वेगळा हूक विकत घेऊनही सगळा खर्च लेपाच्या पट्ट्याच्या एका लहान भागात होतो. दिवाळीनंतर, जमीन वाळल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत आम्ही तोच वापरतो. दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. सूत दातांखाली मऊ लागते, म्हणून चघळण्याची सवय असलेले पिल्लू पाहता पाहता तो तोडते. आणि गोल दोरी पायात गुंतली की चपट्या पट्ट्यापेक्षा अधिक आवळते. अंबाडीचा किंवा तागाचा दोर खरखरीत असतो, तो टाळावा.

तिन्ही प्रकारांना एक अट सारखीच लागू आहे. लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावू नये. दहा मीटर धावत गेलेल्या कुत्र्याला शेवटी बसणारा हिसका मानेवर आला तर गंभीर इजा होऊ शकते, आणि फासाच्या साखळीला लांब दोरी लावणे हा तर सरळ धोका आहे. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्यावा आणि दोरी पाठीवरच्या कडीला लावावी. म्हणजे दोरीच्या खरेदीत हार्नेसचाही खर्च धरावा लागतो, हे विक्रेते क्वचितच सांगतात. दोरी हाताला गुंडाळून धरू नये; ती जमिनीवर ओढत राहू द्यावी आणि गरज पडली तर तिच्यावर पाय ठेवावा. दुसऱ्या टोकाला मुठीसाठी शिवलेला फास असेल तर तो कापून टाकावा, कारण ठिबकच्या लॅटरलमध्ये (जमिनीवरच्या बारीक नळ्यांमध्ये), व्हॉल्वमध्ये आणि खुंटांमध्ये तोच अडकतो. केळीच्या बागेत लांब दोरीचा सराव करण्याच्या फंदात पडू नये. दीड-दीड मीटरवर झाडे असलेल्या बागेत कुत्रे दोन खोडांना वळसा घालून गेले की दोरी, नळी आणि कुत्रे यांना वेगवेगळे करण्यातच सकाळ जाते. दोरी लावलेल्या कुत्र्याला एकटे सोडणे तर कधीही योग्य नाही.

आता दोरीबरोबर घेतलेल्या शिट्टीविषयी, कारण दोरीपेक्षाही तिने अधिक फरक पडला असे माझे मत आहे. आमच्या घरात आई “इकडे ये” म्हणते, मुले “कम” म्हणतात आणि शेतावर नाना “आठे ये” म्हणतात. त्यात प्रत्येकाचा आवाज चिडलेला असताना वेगळा आणि लाडात असताना वेगळा. शिट्टीला राग नसतो, ती कोणीही वाजवली तरी तशीच वाजते आणि वाऱ्यात माणसाच्या हाकेपेक्षा लांब पोहोचते. बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची प्लास्टिकची शिट्टी मी घेतली आहे. तिच्या आत फिरणारी गोळी नसते, त्यामुळे धुळीने किंवा थुंकीने ती बसत नाही. क्रमांकानुसार स्वर ठरलेला असल्याने हरवली तरी त्याच क्रमांकाची दुसरी घेऊन काम पुढे चालू ठेवता येते. माणसाला ऐकू न येणाऱ्या शिट्ट्याही विकल्या जातात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये अशी शिट्टी तयार केली, ती उच्च स्वर कोणाला कुठपर्यंत ऐकू येतात हे तपासण्यासाठी. माणसाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ असते, तर कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाजही ऐकू येतो. पण शिट्टी नीट वाजली की नाही हे वाजवणाऱ्यालाच कळत नसेल, तर शिकवण्याच्या कामात ती अडचणच आहे. साध्या शिट्टीची एक मर्यादा मात्र खरी आहे : रात्रीचा गुरखा, शाळेतले कवायतीचे गुरुजी आणि चौकातले पोलीस यांच्याही शिट्ट्या कुत्र्याच्या कानावर पडतात. म्हणून दोन आखूड आणि एक लांब, असा ठरावीक नमुना घरातल्या सर्वांनी पाळावा.

शिट्टी आणि दोरी कोणत्या क्रमाने वापरायची, याची माहितीपत्रिका कोणत्याही वस्तूबरोबर मिळाली नाही. ती असायला हवी होती. सुरुवात घरातच करावी. शिट्टी वाजवावी आणि लगेच तोंडात खाऊ द्यावा. कुत्र्याने काही करून दाखवावे अशी अपेक्षा या टप्प्यावर ठेवू नये. शिट्टी ऐकताच ते मान वळवून खाऊ शोधू लागले की दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून, आणि त्यानंतरच दोरी लावून मोकळ्या वावरात बोलवावे. शिट्टी एकदाच वाजवावी. कुत्रे आले नाही तर पुन्हा पुन्हा वाजवण्याने ती निरर्थक होते. अशा वेळी दोरीवर पाय ठेवून उभे राहावे, कुत्र्याने मागे वळून पाहिले की आपण उलट दिशेला चार पावले पळावे आणि ते आल्यावर शाबासकी द्यावी. पुढच्या वेळी अंतर किंवा प्रलोभन कमी करून पाहावे. दोन्ही एकदम वाढवणे टाळावे. कुत्र्यामागे धावणे हा त्याच्या दृष्टीने खेळ असतो आणि त्या खेळात माणूस नेहमी हरतो.

खाऊच्या बाबतीत कंजूषपणा करणाऱ्याने दोरीवर पैसे घालवू नयेत, असे मी स्पष्टच म्हणेन. रोज कळण्याची भाकरी खाणाऱ्या कुत्र्याला रोह्याचा माग सोडून येण्याच्या बदल्यात तीच भाकरी देणे हा त्याच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे. उकडलेल्या कोंबडीचे किंवा काळजाचे नखाएवढे तुकडे, शाकाहारी घरात पनीर, आणि हा खाऊ शिट्टीशिवाय इतर कोणत्याही प्रसंगी न देणे, ही व्यवस्था आमच्याकडे लागू पडली. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, म्हणून सुक्या मेव्याच्या डब्याकडे हात नेऊ नये. खाऊ देण्याआधी दुसऱ्या हाताने क्षणभर हार्नेस धरावा. असे केले नाही तर कुत्रे हातभर अंतरावर येऊन खाऊ पटकावते आणि पुन्हा निसटते; हाकेला येते पण हाती लागत नाही, अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी बहुधा ही पायरी गाळलेली असते. खाऊ दिल्यावर बहुतेक वेळा त्याला पुन्हा हुंदडायला सोडावे. आंघोळ, औषध किंवा घरी परतणे यांच्यासाठी शिट्टी वाजवू नये. त्यासाठी स्वतः चालत जाऊन कुत्र्याला आणावे. उशिरा आलेल्या कुत्र्याला रागावणे तर सर्वांत महागात पडते, कारण त्याला ती शिक्षा उशिराची वाटत नाही, येण्याची वाटते.

या सगळ्याची खरी कसोटी आमच्या भागात हिवाळ्यात लागते. शेतावर भरीत पार्टी असली की बामणोदची वांगी भाजण्यापासून केळीच्या पानांवरच्या उष्ट्यापर्यंत कुत्र्याला खुणावणारे वास सर्वत्र असतात, आणि माणसेही मायेने त्याच्यापुढे पान सरकवतात. भरतातला लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना हानी पोहोचवतात, त्यामुळे इथे हाकेला येणे हा त्याच्या प्रकृतीचाही प्रश्न असतो. मी चिंगीला कासरा लावून पंगतीपासून लांब, वास येईल पण तोंड पोहोचणार नाही अशा अंतरावर सराव दिला आणि मगच हळूहळू जवळ आणले. कासरा ताणून तिला पानापासून ओढले असते तर ती त्या दिवशी पानापासून दूर राहिली असती, पण शिट्टीशी तिचा काही संबंध जुळला नसता. भरताच्या पानाकडे निघालेली चिंगी शिट्टीसरशी वळून काळजाच्या तुकड्याकडे आली, तेव्हा पंगतीतल्या मंडळींनी काळजाचाही वाटा मागितला, हे ओघाने सांगतो.

दुकानात चौकशी करताना विजेचा सौम्य धक्का देणारा गळपट्टा मला सुचवण्यात आला होता. तो मी घेतला नाही आणि घेण्याची शिफारसही करणार नाही. वेल्सने २०१० मध्येच अशा पट्ट्यांच्या वापरावर बंदी घातली. तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा प्रश्न उरतोच : धक्का बसला त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर जे असेल, मग ते शेजारचे मूल असो किंवा दुसरे कुत्रे असो, त्याच्याशी ते ती वेदना जोडू शकते, आणि त्यातून भीती किंवा चावरेपणा निर्माण झाला तर तो दूर करणे हाकेला यायला शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

हवामानाबद्दल एक सूचना. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो, तेव्हा सूर्योदयापूर्वीचा वेळ सोडला तर सराव बंद ठेवावा. तापलेल्या जमिनीवर हाताचा मागचा भाग काही सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सहन होत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही ते होत नाही. उन्हात पडलेला हूकही चटका देण्याइतका तापतो.

दोरी सोडवण्याचा काळ हाच या खरेदीतला नाजूक भाग आहे, आणि इथे लेपाचा पट्टा कासऱ्याला निर्विवादपणे मागे टाकतो. दोरी एकदम काढली तर हुशार कुत्र्याला दोरी असणे आणि नसणे यांतला फरक लगेच कळतो, म्हणून ती थोडी थोडी आखूड करत न्यावी लागते. लेपाचा पट्टा साध्या कात्रीने कापता येतो आणि त्याचे टोक उसवत नाही. नायलॉनचे टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करावे लागते. कासऱ्याचे पीळ सुटतात, टोकाला गाठ मारावी लागते आणि ती गाठ पुन्हा पऱ्हाट्यांत अडकते. वयात येणारी कुत्री, म्हणजे साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतची, शिकलेले विसरल्यासारखी वागतात. त्या काळात दोरी कापण्याची घाई करू नये. आमचा पट्टा शेवटी हातभर राहिला, तो आम्ही शेतावर आजही हार्नेसला लटकवून ठेवतो. कापलेल्या तुकड्यांपैकी सर्वांत लांब तुकड्याला जळगावात बॅगा शिवणाऱ्याकडून मूठ लावून घेतली आहे आणि मेहरूण तलावाच्या पायवाटेवर चिंगीला त्याच पट्ट्याने हाती धरून नेतो, कारण तिथे वयस्क माणसे फिरायला येतात आणि तिचे हाकेला येणे त्यांना ठाऊक नसते.